पाठकोरा कागद

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची दहा पाने सावकाश वाचली. सिद्धता मला पटली. मात्र ‘हे कुणीतरी आधीच केलेले असणार, तेव्हा वहीतच राहू दे’ हे तुझे वाक्य वाचून मन अस्वस्थ झाले, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील एका थोर गणितज्ञाने नेमका हाच विचार केला होता.

जेम्स ग्रेगरी यांचा जन्म १६३८ सालचा, ॲबर्डीनजवळचा. इटलीत पदुआ येथे काही वर्षे काढून ते परतले आणि १६६८ मध्ये सेंट अँड्रूज या स्कॉटलंडच्या सर्वांत जुन्या विद्यापीठात गणिताचे पहिले रीजियस (राजाने स्थापन केलेल्या पदावरचे) प्राध्यापक झाले. समुद्रकाठच्या त्या लहानशा गावात त्यांच्या तोडीचे गणित जाणणारे कुणी नव्हते. नव्या शोधांची वार्ता लंडनच्या जॉन कॉलिन्स यांच्या पत्रांतून येई. १५ फेब्रुवारी १६७१ रोजी ग्रेगरींनी कॉलिन्सना जे पत्र पाठवले, त्यात स्पर्शज्या (tan), छेदिका (sec) आणि व्यस्त स्पर्शज्या (arctan) यांच्या अनंत श्रेणी होत्या, पण त्या कशा काढल्या याबद्दल अवाक्षरही नव्हते. यातील शेवटची श्रेणी केरळच्या माधव या गणितज्ञाला दोन शतकांहून अधिक काळ आधी सापडली होती, आणि ती आपल्याला ठाऊक आहे ती त्याच्या परंपरेतील शिष्यांनी लिहून ठेवली म्हणून, हेही इथे ध्यानात घे.

ग्रेगरींनी रीत लपवली नव्हती; ती प्रसिद्ध करण्याचे थांबवले होते. न्यूटन यांची एक श्रेणी कॉलिन्सकडून कळल्यावर त्यांचा समज झाला की, आपली रीत म्हणजे न्यूटन यांचीच रीत असावी, आणि मग पहिला मान न्यूटन यांना मिळावा म्हणून ग्रेगरी मागे सरले. त्यांचा तो समज म्हणजे निव्वळ तर्क होता. पुढे १६७४ मध्ये ते एडिंबरो विद्यापीठात गेले, पण वर्षभरातच, विद्यार्थ्यांना गुरूचे उपग्रह दाखवत असताना त्यांची दृष्टी गेली आणि थोड्याच दिवसांत वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते वारले. अवकलजांवरून (derivatives) श्रेणी काढण्याच्या ज्या रीतीला आपण आज टेलर श्रेणी म्हणतो, ती इंग्रज गणितज्ञ ब्रूक टेलर यांनी १७१५ मध्ये छापली.

ग्रेगरींची रीत उजेडात आली ती विसाव्या शतकात, सेंट अँड्रूजच्याच हर्बर्ट टर्नबुल या प्राध्यापकांमुळे. जुनी कागदपत्रे चाळताना त्यांना एडिंबरोच्या एका पुस्तकविक्रेत्याने जानेवारी १६७१ अखेर ग्रेगरींना लिहिलेले पत्र मिळाले. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर ग्रेगरींनी एकामागून एक अवकलजे काढून ठेवली होती. खरी मौज पुढेच आहे. कॉलिन्सना पाठवलेल्या स्पर्शज्येच्या श्रेणीत नवव्या घाताचा सहगुणक ३२३३/१८१४४० असा आहे. तो ३९६८/१८१४४० हवा. त्या कागदावरील आकडेमोडीतही तीच चूक आहे, आणि त्या चुकीनेच या दोन कागदांचे नाते पक्के केले. तो कागद फाडला गेला असता, तर आज आपण काय म्हणालो असतो?

याउलट स्कॉटलंडचाच गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिन पाहा. एकोणिसाव्या वर्षी ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात प्राध्यापक झालेला आणि १७२५ मध्ये न्यूटन यांच्या शिफारशीने एडिंबरोला गेलेला हा माणूस हाडाचा शिक्षक होता. तत्त्वज्ञ बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये कलनशास्त्राच्या (calculus) पायावरच बोट ठेवले, तेव्हा त्याने उत्तरादाखल १७४२ मध्ये दोन खंडांचा सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. त्यात ज्या श्रेणीला आज त्याचे नाव आहे, तिचे श्रेय त्याने स्वतः टेलर यांना दिले होते. नाव चिकटले ते त्याने दावा केला म्हणून नव्हे, तर त्याने ती इतरांना शिकता येईल अशी मांडली म्हणून, असे मला वाटते.

तेव्हा आधी ग्रंथालयात जाऊन पूर्वीचे काम शोध. सापडले तर त्याचा स्पष्ट उल्लेख कर आणि तरीही तुझी वाट पूर्ण लिही, कारण ती वेगळी असू शकते. कच्च्या वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घाल. मसुदा महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे पाठव. तुझ्या चौथ्या पानावर एका सहगुणकाचे चिन्ह चुकलेले दिसते. ते खोडू नकोस, शेजारी दुरुस्ती लिही.

कळावे,
तुझा शिक्षक