गावात सीओपीडीचं शिबिर घ्यायचंय, सगळ्यांची स्पायरोमेट्री करावी का?

तुमच्या मुंबईच्या मंडळाला गणपतीत गुहागरकडच्या गावी सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागणाऱ्या आजाराचं, शिबिर घ्यायचंय आणि चाळिशीपुढच्या सगळ्यांनाच मशीनमध्ये फुंकायला लावावं का, असं तुम्ही विचारलंय. मी चिपळूणला छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकायला लावून फुप्फुसं कशी चालतात ते मोजायची तपासणी, करते. सगळ्यांची नका करू. आधी घरोघर विचारा, मग निवडक लोकांनाच मशीनपाशी आणा.

काहीच त्रास नसलेल्यांची सरसकट तपासणी करून त्यांचं भलं होतं असा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये आणि परत २०२२ मध्ये ती करू नका असंच सांगितलं. त्रास आहे पण निदानच झालेलं नाही, अशांना हुडकून काढणं मात्र वेगळं. कॅनडात घरोघर फोन करून असे लोक शोधले, छातीच्या तज्ज्ञांकडून उपचार दिले, तर त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून खरी मेहनत प्रश्न विचारण्यात घ्या. ‘धाप लागते का?’ म्हटलं की आपली माणसं ‘वय झालं आता’ म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा विचारा, देवळाची पाखाडी चढताना मध्ये कुठे टेकता? पूर्वी टेकत होता? बरोबरीची माणसं पुढे निघून जातात का? सकाळी कफ पडतो का?

बिडी ओढणारे, चिरेखाणीत किंवा गिरणीत काम केलेले पुरुष यादीत येतातच. राहून जातात त्या बायका. गॅस आहे का विचारलं की हो म्हणतात, आणि ते खरंही असतं. न्हाणीचं पाणी कशावर तापतं ते विचारा, मग सोडणं नि चुडतं (नारळाची सालं नि सुक्या झावळ्या) निघतात. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या, पण वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईलाही सीओपीडी होतो. गावच्या आशाताईंना आधीच सोबत घ्या. तीस वर्षांपुढच्यांचा सीबॅक, म्हणजे दीर्घ आजारांचा धोका ताडायचा फॉर्म त्या भरतात, त्यात स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रश्न आहेच.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी बेडका तपासायला पाठवा. टीबीची शंका असताना फुंकायला लावायचं नाही. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेलेही थांबू देत. आणि एक्स-रे चांगला आला म्हणजे सीओपीडी नाही, असं कुणाला सांगू नका. सुरुवातीचा आजार त्यात बहुधा दिसतच नाही.

फुंकण्याचंही तंत्र आहे. आमच्याकडच्या बायका फुंकणीत फुंकावं तसं गाल फुगवून हळूहळू फुंकतात. तो आकडा निरुपयोगी. छाती भरून श्वास, ओठ घट्ट, एकदम जोरात सोडायचा आणि सहा सेकंद सोडत राहायचं. नीट जमलेल्या तीन फुंका हव्यात. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा सगळं. त्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या ०.७० पटीपेक्षा कमी असेल तर सीओपीडी धरायचा, तोही त्रासाशी ताडून, कारण म्हातारपणी हे प्रमाण आपसूकच उतरतं. पंप न देता शिक्का मारणारं शिबिर घेऊच नका, त्यात दम्याची माणसंही सीओपीडीची ठरतात. एका माणसाला अर्धा तास सहज जातो, तेव्हा दिवसात शंभर जण होतील असं कुणी म्हणालं तर त्याला नाही सांगा.

गणपतीत निम्मा गाव सर्दी-खोकल्याने बेजार असतो. तेव्हा फक्त विचारपूस करून यादी करा नि मशीन भातकापणी उरकल्यावर, नोव्हेंबरात आणा. ज्यांना पंप लिहून दिला जाईल त्यांना तो ओढायचा कसा हे तिथेच करून दाखवा. ‘सवय लागते’ ही भीती घरच्यांसमोरच काढा, नाहीतर पंप कपाटात पडून राहतो. आणि खर्चात मे महिन्याची एक फेरी आत्ताच धरा. तेव्हा चाकरमानी घरी असतात, म्हाताऱ्यांना चिपळूणला किंवा रत्नागिरीला न्यायला कुणीतरी असतं.