एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, हे ऑटोइम्यून आजारामुळे (ज्यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) असू शकतं का?

असू शकतं, पण एकच कान रात्रीतून गेला असेल तर शक्यता कमी. अशा बहुतेक रुग्णांत नेमकं कारण सापडतच नाही. ऑटोइम्यून बहिरेपणाची चाल वेगळी असते: बहुधा दोन्ही कान, आठवड्या-महिन्यांत उतरत जाणारे, मध्येच सुधारणारे. अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञ ब्रायन मॅककेब यांनी १९७९ मध्ये हा आजार वेगळा मांडला, तो स्टेरॉइडने रुग्णांचं ऐकणं सुधारतं हे पाहूनच. खरा सुगावा कानाबाहेर मिळतो:

- डोळे लाल, उजेड सहन न होणं, चक्कर: कोगन सिंड्रोम.
- बाहेरचा कान लालभडक सुजलेला, पण डूल घालतो ती मऊ पाळी मात्र ठीक: रिलॅप्सिंग पॉलिकाँड्रायटिस (हा कूर्चेचा आजार; पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती वाचते).
- सांधेदुखी, गालांवर पुरळ: ल्युपस.

मात्र एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीज शोधणारी), ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी) या रक्ततपासण्या फक्त दिशा दाखवतात, कानाच्या आजारावर शिक्कामोर्तब करत नाहीत. त्यामुळे रिपोर्टची वाट पाहू नका आणि मळ समजून तेल तर मुळीच घालू नका. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो.