अमेरिकेत आत्ता किती वाजले असतील?

प्रश्न: भाचा शिकायला अमेरिकेत गेलाय. कधी म्हणतो साडेनऊ तास मागे, कधी साडेदहा. त्याचा मित्र म्हणतो साडेबारा. एकाच देशात इतक्या वेळा कशा?

दोघंही खरंच सांगताहेत.

आधी जळगावचं बघा. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर चालतं. जळगाव त्याच्या पश्चिमेला सातेक अंश, आणि दर अंशाला ४ मिनिटं. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला साधारण साडेबारा होतात. एवढं खपून जातं. अमेरिकेची मुख्य भूमी मात्र जवळजवळ ५८ अंश रुंद, म्हणजे पावणेचार तासांहून जास्त फरक! म्हणून पूर्वेकडून ईस्टर्न, सेंट्रल, माउंटन, पॅसिफिक असे एकेका तासाचे चार पट्टे. अलास्का, हवाई वेगळेच.

हे पट्टे १८ नोव्हेंबर १८८३ला तिथल्या रेल्वे कंपन्यांनी लावले, सरकारी कायदा आला १९१८मध्ये. हसू नका, आपल्याकडेही रेल्वे मद्रास वेळेवर आणि मुंबई शहर स्वतःच्या वेळेवर चालायचं. मुंबईत भुसावळची गाडी पकडायची तर अर्ध्या तासाचा हिशोब डोक्यात ठेवावा लागे.

खरा घोळ पुढे आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. भाच्याचे साडेनऊ उन्हाळ्याचे, साडेदहा हिवाळ्याचे, म्हणजे तो ईस्टर्नमध्ये.

माझा मुलगा आधी डॅलसला होता. आईसाठी मी स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ टांगलं, साडेअकरा तास मागे लावून. मार्च उजाडला आणि ते चुकायला लागलं. भाकरी थापता थापता आई रोज विचारायची, "तठे किती वाजनात?" आणि मी बोटं मोजत बसायचो. मग तो फिनिक्सला गेला. ॲरिझोनात नावाहो लोकांचा मुलूख सोडला तर घड्याळ हलवतच नाहीत, बारा महिने साडेबारा तास मागे. आता आपल्या घड्याळातला अर्धा तास कमी करायचा आणि रात्रीची सकाळ करायची. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तिथे सकाळचे साडेआठ. आईला हे एका दिवसात जमलं. दुसरं घड्याळ मळ्यातल्या खोलीत गेलं.

भाच्याच्या मित्राचे साडेबारा हे उन्हाळ्यात पॅसिफिकचे, हिवाळ्यात माउंटनचे किंवा सरळ ॲरिझोनाचे असू शकतात. शहर आणि महिना विचारा, उलगडा होईल.

भाच्याला फोन संध्याकाळी सातनंतर करा, तिकडे सकाळचे साडेआठ-साडेनऊ असतात. वाढदिवसाला मात्र सकाळी उठल्या उठल्या लावू नका, तिथे आदल्या दिवसाची रात्र चालू असते. आम्ही पहिल्या वर्षी लावला होता. "पप्पा, उद्या आहे" म्हणाला.