'सम्राट वू दिंग' की 'राजा वू दिंग'?

प्रश्न असा आहे: प्राचीन चीनच्या शांग घराण्यातल्या वू दिंगवर मराठीत लेख लिहायचा आहे. त्याला 'सम्राट' म्हणावं की 'राजा'? आणि एकदा पूर्ण नाव दिल्यावर पुढे नुसतं 'दिंग' चालेल का?

माझ्या मते 'राजा'च लिहावं. नुसतं 'दिंग' मात्र अजिबात नको.

वू दिंगचा काळ साधारणपणे इ.स.पू. १२५० ते ११९२ असा धरतात. त्याच्या दरबारातल्या कोरीव नोंदींत त्याला 'वांग', म्हणजे राजा, म्हटलं आहे. ज्या 'ह्वांगदी' पदवीसाठी आपण 'सम्राट' हा शब्द वापरतो, ती छिनच्या राजानं बाकीची राज्यं जिंकल्यावर इ.स.पू. २२१मध्ये स्वतःसाठी घडवली. दोघांमध्ये सुमारे हजार वर्षांचं अंतर आहे. त्या पदवीतला 'दी' वू दिंगच्या काळीही होता, पण तो पाऊस पाडणाऱ्या नि रोखून धरणाऱ्या थोरल्या देवासाठी.

आपला 'सम्राट'ही काही साधा शब्द नाही. अमरकोशात त्याला अटी घातल्या आहेत: राजसूय केलेला, मंडलाचा स्वामी आणि इतर राजांवर हुकूम चालवणारा. या शेवटच्या अटीपाशी वू दिंग अडतो. त्यानं आसपासच्या टोळ्यांवर पुष्कळ स्वाऱ्या केल्या, पण त्याआधी कौल लावून विचारलं जाई, की या मोहिमेत अमक्या मित्र-सरदाराची साथ धरावी का? दूरवर हुकूम सोडून निर्धास्त बसणारा हा राजा नव्हे. दुखऱ्या दातामागे कुठल्या पूर्वजाचा कोप आहे, हेसुद्धा तो विचारून घेई.

हे कौल बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या पोटाकडच्या कवचावर लावत. मागच्या बाजूनं खळगे कोरून तिथे चटका द्यायचा, पुढच्या बाजूला तडे जात, ते राजा वाचायचा आणि प्रश्न शेजारीच कोरून ठेवायचे. आन्यांगजवळ, शांगांच्या शेवटच्या राजधानीच्या जागी, १९३६मध्ये एकाच खड्ड्यात असे १७,०००हून जास्त तुकडे निघाले. त्यातले बहुतेक वू दिंगच्याच काळातले.

त्यातली राणी फू हाओच्या बाळंतपणाची नोंद मला सगळ्यांत जिवंत वाटते. तडे पाहून राजा म्हणतो, दिंगच्या दिवशी प्रसूत झाली तर शुभ, गंगच्या दिवशी झाली तर फारच मंगल. पुढे कोरलं आहे: ३१ दिवसांनी, ज्यायिनच्या दिवशी प्रसूती झाली. शुभ झालं नाही. मुलगी झाली. राजाचं भाकीत हुकलं, तरी ते खोडून टाकलेलं नाही. फू हाओलाही 'सम्राज्ञी' नको, 'राणी' पुरे. तिच्याकडची ३,००० आणि शिवाय १०,००० माणसं जमवून स्वारी करण्याबद्दलचा कौल सापडला आहे. १९७६मध्ये उघडलेल्या तिच्या कबरीत चारशेहून जास्त कांस्यवस्तू होत्या. तिचं मोठेपण दाखवायला बिरुदाची गरज नाही.

आता 'दिंग'. वरच्या नोंदीत हा शब्द वार म्हणून आला, हे लक्षात आलंच असेल. शांगांचा आठवडा दहा दिवसांचा आणि दिंग हा त्यातला चौथा वार. राजा वारला की त्याला यातल्या एका वाराचं नाव मिळे आणि त्या वारी त्याची पूजा होई. म्हणजे हयातीत याला कुणी वू दिंग म्हणत नसणार. आणि दिंग वाराचे राजे कितीतरी: वो दिंग, झोंग दिंग, झू दिंग. त्यांच्यातून हा ओळखू यावा म्हणून पुढे 'वू' लागलं. त्यामुळे नुसतं 'दिंग' लिहिलं, तर वाचकाला कुठला राजा ते कळायचं नाही. 'वू' हे आडनावही नाही, तेव्हा 'श्री. वू' च्या धर्तीवर 'राजा वू' लिहू नका. शांगांना हरवणाऱ्या झोऊ घराण्यातल्या राजाला 'वू राजा' म्हणतात आणि तो वेगळाच माणूस.

लेखात पहिल्यांदा 'शांग राजा वू दिंग' लिहा, पुढे दर वेळी पूर्ण 'वू दिंग'. विभक्ती नेहमीसारखीच लावा: वू दिंगनं, वू दिंगला, वू दिंगच्या. जोडशब्दासारखं 'वूदिंग' मात्र करू नका. दोन शब्द सुटे ठेवले, की त्यातला वार वाचकाला दिसत राहतो.