खांद्याचा हिशोब

"मॅडम, यांना सांगा न खेळणं सोडा म्हणून. माझं ऐकतच नाहीत." वैशाली फोनवर आधी हेच बोलली. नमस्कार नंतर झाला.

मी खेळाडूंचं समुपदेशन करते. त्यांच्या घरून मला फोन येतात ते बहुधा अभ्यासाचे, नाहीतर नोकरीचे. हा खांद्याचा होता. वैशालीचा नवरा प्रशांत, वय ३४, नागपुरात मानेवाड्याकडे राहणारा, एका पतसंस्थेत कारकून. (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला दोघांनीही हो म्हटलं.) बाविसाव्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात मणक्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद गेली. पंचविशीत व्हीलचेअर बॅडमिंटन सुरू झालं. नऊ वर्षांत राज्यपातळीवरची पदकं, राष्ट्रीय स्पर्धेत एक कांस्य. आणि आता उजव्या खांद्याच्या स्नायूला अर्धवट चीर. डॉक्टरांनी सहा आठवडे रॅकेट बंद सांगितली होती. त्याने दहाव्या दिवशी उचलली.

माझी खोली तेव्हा धरमपेठेत पहिल्या मजल्यावर होती, लिफ्ट नाही. बारा वर्षांत त्याचं मला काही वाटलं नव्हतं, त्याला पत्ता सांगताना वाटलं. शेवटी आमच्या पहिल्या तीन भेटी इमारतीच्या पार्किंगमध्ये झाल्या. मे महिना होता. वॉचमनने स्वतःचा कूलर आमच्याकडे वळवून दिला.

"हॉलपेक्षा बरं आहे इथं," प्रशांत म्हणाला. "तिथं पंखासुद्धा लावता येत नाही, शटलचं फूल उडतं." मणक्याला दुखापत झालेल्या माणसाला दुखापतीच्या खाली नीट घाम येत नाही, त्यामुळे अंग थंड व्हायला वेळ लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तो ओला टॉवेल मानेवर ठेवून, पहाटे साडेपाचला सराव करायचा.

हा खेळ मी त्याच्याकडूनच शिकले. एकेरीत अर्धंच कोर्ट असतं, ३.०५ मीटर रुंद. नेटपासून सर्व्हिसच्या रेषेपर्यंतचा पट्टा बाद, तिथे फूल पडलं तर आऊट. नेट मात्र खाली येत नाही. उभ्याने खेळणाऱ्यांचं तेवढंच उंच नेट बसलेल्या माणसाला पार करायचं असतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक फटक्याला हात डोक्याच्या वर जातो. आणि दोन फटक्यांच्या मध्ये त्याच हाताने, मुठीत रॅकेट धरून, चाक मागे-पुढे ढकलायचं. खांदा एकच, पाय तोच आणि हातही तोच.

पदकांचा विषय निघाला. पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटन पहिल्यांदा आलं ते टोकियोत, २०२१ साली. तिथे भारताला या खेळात ४ पदकं मिळाली, पॅरिसला २०२४ मध्ये ५. "सगळी उभ्यांनी आणली, मॅडम," तो हसून म्हणाला. "बसलेल्यांचं बाकी आहे." खरं आहे. नऊपैकी एकही पदक व्हीलचेअरच्या गटातलं नाही.

टोकियोचा एक अंतिम सामना तो मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघायचा. जपानचा दाइकी काजिवारा, १९ वर्षांचा, आणि समोर चाळिशी ओलांडलेला कोरियाचा किम जुंग-जुन. जिंकला काजिवारा. वैशालीला त्या सामन्यात एकोणीस वर्षांचा पोरगा दिसायचा, प्रशांतला चाळिशीतलं रौप्यपदक. एकाच घरात, एकाच पडद्यावर.

आता माझी चूक. खेळ सुटण्याच्या भीतीने आलेली बेचैनी, 'खेळाडू नाही तर मग मी कोण' असा प्रश्न, हे मी आधीच ठरवून बसले होते. दोन भेटी त्यातच घालवल्या. तो शांतपणे ऐकत राहिला, शिकलेला माणूस, मान डोलवायचा. तिसऱ्या भेटीनंतर तो निघाला तेव्हा मी वर न जाता तिथेच थांबले. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटीवर त्याने दोन्ही हातांच्या जोरावर स्वतःला उचलून ठेवलं. मग घडी केलेली व्हीलचेअर ओढून पायांपुढे घेतली. चेहरा पिळवटला.

"दिवसातून असं किती वेळा?"

त्याने कधी मोजलंच नव्हतं. मग मी वही दिली. अंगाचा भार हातावर घेतला की एक रेघ, बाकी काही लिहायचं नाही.

आठवड्याने वही आली. खेळाच्या दिवशी साधारण चाळीस रेघा. त्यातल्या खेळापायी पडलेल्या सहा. उरलेल्या चौतीस पलंग, संडास, स्कूटी, पतसंस्थेची खुर्ची आणि घरासमोरच्या दोन पायऱ्यांच्या. त्या पायऱ्या तो खुर्चीतून उतरून, जमिनीवर बसून, हातांच्या रेट्याने चढायचा. गणित कच्चं आहे, हे मान्य. एक स्मॅश आणि एक उचल सारखी नसते, फिजिओथेरपिस्टने मला तसं सुनावलंही. पण घरात सहा महिने जे भांडण चाललं होतं ते फक्त सहा रेघांवरून होतं, हे दोघांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"रॅम्प का नाही बांधला?" मी विचारलं.

उत्तर वैशालीने दिलं. "मी दोनदा मिस्त्री बोलावला. यांनीच परत पाठवला."

प्रशांत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रॅम्प दिसला की येणारा-जाणारा विचारतो, कोण आहे घरात तसं?"

कर्ज काढून घेतलेली, तिरप्या चाकांची हलकी खेळाची खुर्ची त्याच्याकडे होती. तिच्यात तो खेळाडू होता. रोजची मात्र कुणीतरी दान दिलेली, दवाखान्यातल्यासारखी लोखंडी, अठरा किलोंची. ती बदलायची म्हणजे आपण कायमचे तिच्यात आहोत हे कबूल करायचं. नऊ वर्षं त्याने ते कोर्टावर कबूल केलं होतं, घरी नाही. माझं खरं काम इथून सुरू झालं, आणि त्याला चार महिने लागले.

वैशालीचंही ऐकायचं राहिलं होतं. "खांदा गेला तर यांना उचलणं माझ्याकडे येईल. मी करीन न, नाही कोण म्हणतं? पण मला एकदा विचाराल तर." तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटत होतं, तिला खेळाचा राग आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. पलंगाचे पाय कापून त्याची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी केली. सरकायला एक गुळगुळीत फळी आली. सतत बसून जखमा होऊ नयेत म्हणून तो दर अर्ध्या तासाला हातांवर अंग उचलायचा. त्याऐवजी पुढे आणि बाजूला झुकून भार हलवायला फिजिओथेरपिस्टने शिकवलं. रेघा चौतीसवरून अठरावर आल्या. सहा आठवडे रॅकेट खरोखर बंद राहिली. आता आठवड्यातून तीनदा सराव, आणि स्पर्धेत फक्त दुहेरी. एकेरीचं डिसेंबरात बघू म्हणतो. मी त्यावर काही बोलत नाही.

अशा घरांतून 'खेळ सोडायला लावू का' असं विचारतात तेव्हा मी आधी वही देते. रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर मात्र वही नंतर, डॉक्टर आधी. आणि 'खेळ नाही तर नोकरी कशी मिळणार' या काळजीने कुणी मुलाला दुखऱ्या खांद्याने खेळवत असेल तर: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या ४ टक्के राखीव जागांना पदक लागत नाही.

रॅम्प दिवाळीच्या आधी झाला. गल्लीतली पोरं त्यावरून सायकली सोडतात, वैशाली ओरडते, प्रशांत नाही ओरडत.

मीही तळमजल्यावर खोली घेतली. पहिल्या दिवशी त्यालाच बोलावलं. तो दारापर्यंत आला, थांबला, खाली बघितलं.

"मॅडम, उंबरठा राहिला न."

दोन इंचांचा आहे. सुतार रविवारी येतो म्हणाला आहे.