जास्त बिघडणाऱ्या गाडीवर मालक जास्त खूश कसे?

तुमचा प्रश्न असा आहे: परदेशातल्या ग्राहक सर्व्हेंमध्ये बऱ्याच स्पोर्ट्स कारना भरवशाचे गुण कमी आणि मालकाच्या समाधानाचे गुण जास्त मिळतात, हे कसं? आणि सांगलीत राहून अशी एखादी सेकंडहँड गाडी घ्यायची तर कोणता आकडा धरायचा?

दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. तुमच्या खिशाशी पहिल्याचा संबंध आहे, आणि तोही आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सतरा वर्षं क्वालिटीला आहे. दहा लाख नगांत किती नापास, रिवर्क किती, कस्टमर कंप्लेंट किती, हेच दिवसभर मोजतो. शिवाय गेली सहा वर्षं माझ्याकडे टर्बो पेट्रोल इंजिनाची आणि दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची एक छोटी गाडी आहे. कागदावर ती हॅचबॅक. पण यवतेश्वरचा घाट रिकामा असताना तिच्यात बसून कासला गेलात, तर स्पोर्ट्स कारवाल्यांना काय मिळतं ते समजेल. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.

त्याच घाटात एका रविवारी सकाळी तिने दगा दिला. वळणावर गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात यायला हवी होती, ती एकदम पहिल्यात आली, दणका बसला आणि समोरचा गिअरचा आकडा लुकलुकायला लागला. या गिअरबॉक्सात दोन क्लच असतात. माझ्या गाडीत एकावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. दुसरी बाजू गेली की सम आकड्यांचे गिअर जातात आणि रिव्हर्सही जातो. घाटात गाडी वळवायची, आणि रिव्हर्स नाही. शेवटी न्यूट्रलमध्ये टाकून उताराचाच आधार घेतला. पाय ब्रेकवर, गाडी हातभर मागे, मग पहिल्यात टाकून पुढे, असं तीनदा. बायको खाली उतरून येणाऱ्या गाड्यांना हात करत होती. साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या फिटरने स्कॅनर लावून कोड वाचला आणि सरळ सांगितलं, "साहेब, हे माझ्याकडं उघडणार नाही. पुण्याला न्या." फ्लॅटबेडवर गाडी पुण्याला गेली. १९ दिवस तिथे होती आणि बिल झालं १ लाख ३८ हजार.

महिन्याभराने फीडबॅकचा फोन आला. शेवटचा प्रश्न होता, "हीच गाडी पुन्हा घ्याल का?" मी लगेच हो म्हणालो. बायको समोरच बसली होती. तिने काही विचारलं नाही, पण त्या "हो"चा मी नंतर पुष्कळ विचार केला. माझे मेहुणे कराडला असतात. त्यांच्याकडे नऊ वर्षं जुनी सेडान आहे आणि ती आजवर एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. त्यांना मी तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "बघू. आता जरा उंच गाडी घ्यावी म्हणतोय." नऊ वर्षांच्या निर्धोक सेवेला मिळालेले हे गुण.

आमच्या खात्यात याचं उत्तर शिकवतात. जपानचे प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलं की गुणवत्ता एकाच जातीची नसते. काही गुण असे असतात की ते असले तर कोणी दखल घेत नाही आणि नसले तर ग्राहक पेटून उठतो. ब्रेक लागतो म्हणून कोणी कंपनीला पेढे पाठवत नाही. काही गुण याच्या उलट: नसले तरी तक्रार होत नाही, पण असले की माणूस हरखतो. न बिघडणं पहिल्या जातीचं आहे, वळणावर गाडी रस्त्याला धरून बसणं दुसऱ्या जातीचं. मेहुण्यांच्या गाडीत पहिल्या जातीचं सगळं आहे आणि दुसऱ्या जातीचं काहीच नाही. माझ्या गाडीचं नेमकं उलट. समाधानाचा प्रश्न विचारला की माणसाला दुसऱ्या जातीचं आठवतं.

आता सर्व्हेंकडे येतो. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ना-नफा संस्था १९३६ पासून आहे. ती आपल्या सभासदांना विचारते की गेल्या बारा महिन्यांत गाडीत कोणते गंभीर बिघाड झाले. इंजिन, गिअरबॉक्स अशा मोठ्या बिघाडांना ती जास्त वजन देते, खडखड आणि ट्रिमच्या, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पट्ट्या-आवरणांच्या, तक्रारींना कमी. समाधानासाठी प्रश्न वेगळा असतो: सगळं जमेस धरून हीच गाडी पुन्हा नक्की घ्याल का? जे. डी. पॉवर या अमेरिकेतल्याच सर्व्हे करणाऱ्या कंपनीची पद्धत वेगळी. त्यांचा एक अभ्यास नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांचा, दुसरा तीन वर्षं जुन्या गाड्यांचा, आणि निकाल दर १०० गाड्यांमागे तक्रारी किती असा. यात ब्लूटूथ जोडलं जात नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स गेला हीसुद्धा एकच तक्रार. गाडी आवडते किती, याचा त्यांचा तिसराच अभ्यास असतो. तेव्हा कोणी "सर्व्हेत वर आहे" म्हणालं की कुठला सर्व्हे, हे आधी विचारा.

या दोन आकड्यांमधली दरी किती मोठी असू शकते, ते २०१५ साली दिसलं. ऑगस्टमध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने टेस्ला मॉडेल एसच्या पी८५डी या वेगवान आवृत्तीची चाचणी घेतली. गुण भरले १०० पैकी १०३, म्हणून त्यांना मोजपट्टीच बदलावी लागली. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मालकांचा सर्व्हे आला. मोटरपासून दाराच्या हँडलपर्यंत तक्रारी होत्या, भरवसा सरासरीपेक्षा खाली गेला आणि संस्थेने शिफारस मागे घेतली. त्याच सर्व्हेत ९७ टक्के मालकांनी सांगितलं होतं की आम्ही हीच गाडी पुन्हा घेऊ. हे मालक खोटं बोलत नव्हते. बहुतेक गाड्या वॉरंटीत होत्या, दुरुस्ती खिशातून करावी लागत नव्हती, आणि पेडल दाबल्यावर जे होत होतं तसं त्यांनी आधी कुठल्या गाडीत अनुभवलं नव्हतं.

पण मोजमापाचा माणूस म्हणून मला या आकड्यांच्या दोन जागा खटकतात, आणि तुमच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली जागा भागाकाराची. बिघाड दर गाडीमागे मोजतात, दर किलोमीटरमागे नाही. स्पोर्ट्स कार बऱ्याचदा घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असते. रविवारी निघते, पावसाळ्यात झाकून ठेवतात, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर होतात. तिचा वर्षात एक बिघाड आणि रोज साठ-सत्तर किलोमीटर पळणाऱ्या गाडीचे दोन बिघाड, यांत खरी भरवशाची कोणती? सर्व्हेत पहिली वर दिसेल. कारखान्यात मी असा आकडा पुढे पाठवला तर सायंकाळच्या मीटिंगमध्ये तो परत येईल. तुम्ही ती गाडी रोज सांगली-मिरज-कुपवाड अशी फिरवणार असाल, तर सर्व्हेतल्या आकड्यापेक्षा जास्त बिघाड गृहीत धरा.

दुसरी जागा अशी की सर्व्हे आजच्या मालकाला विचारतात. ज्याने वैतागून गाडी विकली, तो मोजणीतून गेलेला असतो. उरतात ते ज्यांना गाडी परवडते किंवा जे तिच्यावर जीव लावून बसलेत. म्हणजे समाधानाचा आकडा वर्षागणिक आपोआप वर सरकत जातो. आणि सेकंडहँड बाजारात तुमच्यासमोर येणारी गाडी कोणाची असते? मोजणीतून गेलेल्या त्या माणसाचीच असण्याची शक्यता जास्त.

स्पोर्ट्स कार म्हणजे बिघडणारच, हे मात्र मी मान्य करणार नाही. जे. डी. पॉवरच्या २०२१ च्या अभ्यासात, तीन वर्षं जुन्या गाड्यांमध्ये सगळ्यात कमी तक्रारींचं मॉडेल होतं पोर्शे ९११. माझदा एमएक्स-५ ही १९८९ पासूनची दोन सीटची गाडी भरवशातही चांगली आणि मालकांचीही लाडकी. हलकं वजन, साधी मांडणी, आणि तीच कल्पना पिढ्यान् पिढ्या सुधारत नेलेली. २०१६ मध्ये तिचा दहा लाखावा नग तयार झाला. वेगामुळे गाडी बिघडते असं नाही. नवी, न रुळलेली यंत्रणा आणि थोडी विक्री, म्हणजे चुका सापडायला गाड्या कमी, यानं जास्त बिघडते. म्हणून एकूण गुण बघू नका, कोणता भाग जातो ते बघा. खिडकीचं बटण गेलं तर मिरजेतला इलेक्ट्रिशियन तासाभरात बसवून देईल. गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक कंट्रोल, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणारा भाग, गेला, तर माझे १९ दिवस आठवा.

अमेरिकेतल्या मालकाला न पडणारे प्रश्न आपल्याला पडतात. माझ्या गिअरबॉक्सात क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत, त्यामुळे रांगत चालताना घासून तापतात. शनिवारी संध्याकाळी पुण्याहून निघून खंबाटकी चढताना ट्रकच्या मागे तासभर रांगलात की काय होत असेल, विचार करा. मी आता तिथे लहान लहान न सरकता पुढे मोकळी जागा होऊ देतो, मग एकदम पुढे जातो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

पेट्रोलचंही तसंच. तिकडे पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, आपल्या पंपावर आता २०. आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल त्यात जातं आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने मला ते हवंच आहे. पण २०२३ च्या आधीची गाडी घेताना तिचं इंजिन, रबरी नळ्या आणि सील किती इथेनॉलसाठी बनवलेत, ते मॅन्युअलमध्ये वाचा. परदेशी सर्व्हेत याचं उत्तर सापडणार नाही.

आणि अंतर. तुम्हाला कोल्हापूर जेमतेम ५० किलोमीटर, पुणे सव्वादोनशेच्या पुढे. ज्या कंपनीचं पूर्ण साधनांचं वर्कशॉप कोल्हापुरात आहे, तिची गाडी सर्व्हेत दोन पायऱ्या खाली असली तरी मी ती आधी बघेन. व्यवहाराआधी त्या वर्कशॉपमध्ये स्वतः जा. "गिअरबॉक्स इथे उघडता का, की पुण्याला पाठवता?" एवढंच विचारा आणि उत्तर मॅनेजरकडून नको, आत काम करणाऱ्या मेकॅनिककडून घ्या.

सांगलीत राहता म्हणून आणखी एक सांगतो, आणि हे अगदी मनापासून. सर्व्हे मॉडेलबद्दल बोलतो, तुम्ही एक विशिष्ट गाडी घेणार आहात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात आपल्या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. स्पोर्ट्स कारची बैठक खाली, तिच्यात पाणी आधी शिरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत, रीळ संपेपर्यंत ओढा. वरचा पट्टा लख्ख आणि आतल्या टोकाला मातकट रेघ असेल, तर किंमत कितीही खाली आली तरी परत फिरा. सीटच्या खालची रूळपट्टी हाताने चाचपा, गालिचा उचलून वास घ्या. इन्शुरन्सच्या क्लेमचा इतिहास मागा. नाही दिला तर त्याचाही अर्थ लावा.

टेस्ट ड्राइव्हला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. अर्धा तास शहरातल्या गर्दीत चालवून गिअरबॉक्स तापवा. मग एखाद्या चढावर गाडीचं तोंड उताराकडे करून थांबा, रिव्हर्स टाका आणि चढाच्या दिशेने हळूहळू मागे घ्या. थरथरली, दचकली किंवा क्षणभर विचार करत थांबली, तर स्कॅनर लावल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मी माझी गाडी घेताना हायवेवर फक्त पुढे पळवून बघितली होती.