अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाती आला, आता?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीत आंबा पॅकिंगच्या पेढीवर रुजू झालीस आणि शेठनी पहिल्याच दिवशी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळे अधिकार असलेला अ‍ॅडमिन पासवर्ड तुझ्या हवाली केला, हे वाचलं. त्यात मान आहे, नाही म्हणत नाही. पण उद्यापासून त्या आयडीने एकही एंट्री टाकू नकोस. रोजच्या कामाला स्वतःच्या नावाचा साधा युजर काढ. अ‍ॅडमिन म्हणून शिरायचं ते फक्त युजर काढायला, बंद करायला, कोणाचे राइट्स म्हणजे अधिकार बदलायला.

तिथे काय चालत असेल ते न बघताही सांगतो. मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली, आणि गेटवरचा मुलगा, हिशेबनीस, शेठचा भाचा, तिघेही ‘अ‍ॅडमिन’च. संध्याकाळी वाशीची गाडी भरत असते, बागायतदार हिशेबासाठी खोळंबलेले असतात, आणि एखाद्याच्या पेटीचा दर सकाळी एक, आता दुसराच. कोणी बदलला? एडिट लॉग, म्हणजे बदलांची नोंद, उघडावा तर वेळ दिसते, जुना-नवा आकडा दिसतो, आणि नावाच्या जागी ‘अ‍ॅडमिन’. मग संशय तिघांवर, आणि आता तुझ्यावरही. १ एप्रिल २०२३पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना अशी बदलांची नोंद ठेवणारं, आणि ती बंद न करता येणारं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे. तुमची भागीदारी असेल तर सक्ती नाही, तरी लॉग चालू ठेव. मात्र आधी प्रत्येकाला आपापला आयडी दे. नाहीतर त्या लॉगचं काय लोणचं घालायचं?

कोणाला काय लागतं हे कॉम्प्युटरसमोर बसून कळत नाही. दोन दिवस गेटवर आणि पेट्या मोजतात तिथे उभी राहा. गेटवरच्याला आवक नोंदवायची असते, नोंदलेली बदलायची नसते. म्हणजे त्याला क्रिएट द्यायचं, ऑल्टर नाही. चुकलं तर हिशेबनीस दुरुस्त करील. थोडा वेळ जाईल, जाऊ दे. दर भरणारा आणि पैसे चुकते करणारा एकच माणूस नको. लहान पेढीत एवढी माणसं कुठून आणायची, हे खरंच. मग निदान पेमेंटची यादी शेठनी रोज नजरेखालून घालावी. मागच्या तारखेच्या व्हाउचरना टॅलीत दिवसांची मर्यादा घालता येते, तीही घाल.

ताज्या आंब्याला ई-वे बिल, म्हणजे माल नेतानाचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही; पण पल्पच्या डब्यांचा माल ठरावीक किमतीच्या वर गेला की लागतं. लॉगिनचा ओटीपी शेठच्या फोनवर, शेठ वाशीला, आणि गाडी पेढीच्या दारात उभी! त्या पोर्टलवर सब-युजर काढता येतात, त्यांचा मोबाइल वेगळा, अधिकारही वेगळे. ते करून घे.

खरी गंमत जूनमध्ये. सीझनची माणसं घरी जातात, त्यांचे आयडी तसेच राहतात. शेवटचा पगार काढायच्या दिवशीच आयडी बंद करायचा. पुसायचा नाही, म्हणजे जुन्या नोंदी कोणाच्या ते शोधता येतं. कॉम्प्युटरवाल्याने कधीकाळी टाकून ठेवलेलं एनीडेस्कही बघ, म्हणजे दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर. त्याला कायमचा पासवर्ड लावलेला असेल तर तो माणूस घरी बसून कधीही तुमच्या मशीनमध्ये शिरू शकतो, आणि युजरच्या यादीत त्याचं नावही नसतं.

दुसरा अ‍ॅडमिन मात्र हवाच. गणपतीत तू गावी असशील आणि पेढीवर काही अडलं तर? टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा सगळा डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावलेला असेल तर तो पाकिटात बंद करून शेठच्या तिजोरीत ठेव. तो विसरला तर टॅलीवालेही डेटा उघडून देऊ शकत नाहीत.

आता भाचा. त्याचे राइट्स कापायला तू पुढे होऊ नकोस. शेठना सांग, सुरुवात तुमच्यापासून करू. अहवाल बघायला मालकालाही अ‍ॅडमिन लागत नाही. त्यांनी साधा आयडी घेतला की भाच्याला कुरकुरायला जागा उरत नाही. पण भर सीझनमध्ये हा विषय काढलास तर कोणी ऐकणार नाही. आत्ता फक्त आयडी वेगळे कर आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदल. बाकीची काटछाट पाऊस लागल्यावर, शेठ निवांत असताना.

तुझा,
काका